गरिबाचा साक्षीदार

२०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात विलीन केली. बातमी आली तेव्हा लोकांना राख्या आठवल्या, नेमणुकीची पत्रं आठवली, मुलाखतीची कॉल लेटरं आठवली. रस्त्यावरच्या लाल पेट्याही आता उचलणार अशी आवई उठली आणि तसं काही नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. दोन-चार दिवस हळहळ झाली, मग विषय मागे पडला. वकिलांच्या खोलीत मात्र तो मागे पडला नाही. तालुक्याच्या कोर्टात माझी वकिली गेली आणि माझे बहुतेक दावे ज्या कागदापासून सुरू झाले तो कागद या सेवेनेच पोचवला होता. तिचा निरोप नीट घ्यावा असं मनापासून वाटतं.

खेड्यात तिला नुसतं ‘रजिस्टर’ म्हणत. ‘रजिस्टर आलंय’ अशी हाक दारात आली की घरातला कर्ता माणूस हातातलं काम टाकून बाहेर येई. साधं पत्र उंबऱ्यावर टाकून जाता येतं. रजिस्टर ज्याच्या नावाचं असेल त्याच्याच हातात पडायचं, नाहीतर त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या. सही घेतल्याशिवाय पोस्टमन पाकीट सोडत नसे. आम्हा वकिलांच्या तोंडी ती ‘आरपीएडी’, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट. पक्षकार समोर बसून आपली सगळी कर्मकहाणी सांगून संपला की ठरलेलं वाक्य यायचं, ‘आधी एक आरपीएडी काढू, मग बघू.’

ती काढण्याचीही एक रीत होती. नोटिशीच्या तीन प्रती, एक पाकिटात, एक फायलीत, एक पक्षकाराला. पाकिटाच्या वरच्या अंगाला ठळक अक्षरात ‘रजि. ए.डी.’. मागच्या बाजूला पोचपावतीचं कार्ड लावायचं, एका अंगाला पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दुसऱ्या अंगाला घेणाऱ्याचं नाव. खिडकीवरचा कारकून वजन करी, ‘आर’ने सुरू होऊन ‘आयएन’ने संपणाऱ्या तेरा खुणांच्या क्रमांकाची बारकोडची पट्टी चिकटवी आणि हाताएवढी पावती देई. त्या पावतीची शाई टिकत नाही हे अनुभवी मुन्शीला पक्कं ठाऊक. पोस्टातून परत येताना वाटेतच तो तिची झेरॉक्स काढून आणणार, कारण दावा सुनावणीला येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात आणि तोवर मूळ पावतीवर नुसता पांढरा कागद उरतो. पुढचे आठ-पंधरा दिवस खोलीत एकच प्रश्न, ‘एडी आली का?’ एके दिवशी ते छोटं कार्ड डाकेतून परत यायचं. त्यावर तारखेचा शिक्का आणि खाली समोरच्या माणसाची सही, त्याच्या स्वतःच्या हातची.

त्या सहीचं मोल कळायला कोर्टाची पायरी चढलेली असावी लागते. आपल्याकडच्या निम्म्या भांडणांत दांडगा पक्ष पहिल्यांदा एकच वाक्य बोलतो, ‘मला कोणी काही कळवलंच नाही.’ मालक मजुराबद्दल ते बोलतो, बिल्डर सदनिकाधारकाबद्दल, नवरा बायकोबद्दल, भाऊ बहिणीबद्दल. तोंडी सांगितलेलं ते नाकारतात, हाताने दिलेला अर्ज टेबलावरून नाहीसा होतो आणि पोच मागितली की ‘नंतर या’ म्हणतात. रजिस्टर पोस्टाने हे वाक्य मोडून काढलं. पंचवीस-तीस रुपयांत सरकारचा एक माणूस तुमचा कागद घेऊन त्या दांडग्याच्या दारात जायचा आणि काय घडलं ते लिहून आणायचा. तुम्ही कोण, तुमची ऐपत किती, तुमच्या मागे कोण उभं आहे, यातलं काहीही खिडकीवर कोणी विचारत नसे. इतक्या स्वस्तात आणि इतक्या निःपक्षपातीपणे मिळणारा साक्षीदार या देशात दुसरा नव्हता.

कायद्याने या साक्षीदाराला फार मोठा मान दिला होता. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं सत्ताविसावं कलम सांगतं की, पत्ता बरोबर लिहिला, टपालखर्च भरला आणि कागद रजिस्टर पोस्टाने टाकला, की तो नेहमीच्या वेळात पोचला असं धरून चालायचं. पोचला नाही असं ज्याचं म्हणणं असेल त्याने ते सिद्ध करावं. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. ज्या बाईला कोर्टाची भाषा येत नाही, जिच्या बाजूने गावात कोणी साक्ष द्यायला उभं राहत नाही, तिच्या हातात नुसती पोस्टाची पावती असली तरी समोरच्याला उत्तर द्यावं लागे.

पुढचा पेच नाकारलेल्या पाकिटाचा होता आणि त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा मोठा भाग आहे. पोस्टमन दारात आला, माणसाने पाकिटावरचं वकिलाचं नाव वाचलं आणि घेत नाही म्हणून परत पाठवलं, तर आत काय लिहिलं होतं हे त्याला कळलं असं म्हणायचं का? १९३५ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की नाही. पाकीट फोडलंच नाही तर आतला मजकूर ठाऊक होता असं त्याच्या माथी मारता येत नाही. युक्तिवादाच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, पण त्याने चतुर माणसाला मोकळी वाट मिळाली. घेऊ नका, म्हणजे कळलं नाही. ही वाट बंद व्हायला १९८१ उजाडावं लागलं. घरमालक आणि भाडेकरू यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोस्टमनने समोर धरलेलं रजिस्टर पाकीट जो नाकारतो, त्याला त्यातला मजकूर कळला असंच मानलं जाईल. ज्याने डोळे मिटून घेतले त्याला अंधाराचा फायदा मिळणार नाही, असा याचा अर्थ. माझ्या मते गरीब पक्षकाराला या निकालाने जेवढं बळ दिलं तेवढं फार थोड्या गाजलेल्या निकालांनी दिलं असेल.

म्हणून परत आलेलं पाकीट आमच्या लेखी सोन्याचं. नवख्या पक्षकाराला पहिली ताकीद हीच असायची, ‘परत आलं तर फोडायचं नाही. आहे तसं माझ्याकडे आणा.’ पाकिटावर पोस्टमनचे शेरे असत, लाल किंवा निळ्या शाईत, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. घर बंद. सूचना दिली. पुन्हा घर बंद. सात दिवस पोस्टात ठेवलं, न्यायला आले नाहीत. घेण्यास नकार. पत्त्यावर राहत नाही. प्रत्येक शेऱ्याखाली तारीख आणि आडवीतिडवी आद्याक्षरी. उन्हातान्हात सायकल मारणाऱ्या माणसाने एका हाताने पिशवी सावरत लिहिलेली ती दोन शब्दांची नोंद कधीकधी चार पानी प्रतिज्ञापत्रावर भारी पडे. न्यायाधीश ते बंद पाकीट हातात घेऊन आधी शेरे वाचत, शिक्क्यांच्या तारखा जुळवत आणि मग सर्वांसमोर ते फोडलं जाई. आतली नोटीस आणि फायलीतली प्रत शब्दशः एक निघाली, की समोरच्या वकिलाच्या चेहऱ्यावरून पुढची तारीख कशी जाणार ते कळायचं.

माझ्याकडे आलेली एक बाई या सगळ्याचं मूळ सांगून जाते. लग्नानंतर चार वर्षांनी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. नवरा मुंबईत नोकरीला. तिने निरोप पाठवले, भाऊ जाऊन आला, गावची बैठक बसली. पोटगीचा अर्ज केल्यावर नवऱ्याने लेखी म्हणणं दिलं, ते असं की मी तिला नांदवायला कायम तयार होतो, तिनेच कधी काही मागितलं नाही आणि तिच्या अडचणीची मला कल्पना नव्हती. निरोप, भावाची फेरी, बैठक, या सगळ्याचा पुरावा काय? काहीच नाही. पण अर्ज करण्याआधी आम्ही एक रजिस्टर नोटीस काढली होती. त्यात दोन मुलांची शाळा, औषधं आणि महिन्याचा खर्च मांडला होता. कार्ड परत आलं होतं आणि त्यावर त्याची सही होती, पूर्ण नावाची, अगदी वळणदार. उलटतपासणीत ते कार्ड त्याच्या हातात दिलं आणि सही कोणाची असं विचारलं. थोडा वेळ तो कार्डाकडे बघत राहिला आणि ‘माझीच’ म्हणाला. त्या उत्तरानंतर ‘मला कल्पना नव्हती’ हे म्हणणं उभं राहिलं नाही. पोटगी मंजूर झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ वं कलम होतं तेव्हा. आता तोच अधिकार नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या कलमात आहे. कलमांचे क्रमांक बदलले, बाईची गरज तीच राहिली.

अशा कार्डांनी किती प्रकारची भांडणं मार्गी लावली याची मोजदाद नाही. १९८९ च्या एप्रिलपासून न वटलेल्या चेकचा गुन्हा कायद्यात आला आणि नोटीस दिल्यावर पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत आली, तेव्हापासून रजिस्टर पोस्टाच्या खिडकीवर व्यापाऱ्यांची रांग लागली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तर म्हटलं की नोटीस मिळालीच नाही अशी ज्याची तक्रार असेल त्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. तेही न करणाऱ्याला नोटिशीची सबब सांगता येणार नाही. भाडेकरूकडे थकलेलं भाडं मागायचं असो, सोसायटीच्या सभासदाला काढून टाकण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यायची असो, माहितीच्या अधिकारातला अर्ज तहसील कचेरीत नक्की कोणत्या तारखेला पोचला हे दाखवायचं असो, सगळे रस्ते या खिडकीशी येत. पटकथा लिहिणारी होतकरू मुलं आपलं बाड स्वतःच्याच नावाने रजिस्टर करत आणि आलेलं पाकीट बंदच ठेवत. उद्या कोणी कल्पना चोरली तर शिक्क्यावरची तारीख बोलेल या भरवशावर. त्या भरवशात कायद्याचं बळ फारसं नव्हतं, पण पोस्टाच्या शिक्क्यावर माणसांची श्रद्धा केवढी होती ते त्यातून कळतं.

या सेवेत खोटेपणा शिरला नाही असं मी म्हणणार नाही. नोटीस काढल्याचं दाखवायचं आणि पाकिटात कोरा कागद घालायचा, ही क्लृप्ती जुनीच. पोस्टमनला हाताशी धरून ‘घर बंद’ लिहवून घेणारेही होते. चुकीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवून ‘बजावली’ म्हणणारे तर पुष्कळ. तरीही क्रमांक, नोंदवही, शिक्का आणि सही या चार गोष्टी एकमेकींना धरून असल्यामुळे लबाडी बहुधा कुठेतरी उघडी पडे. या सेवेची धाकटी बहीण ‘यूपीसी’, म्हणजे पत्र टाकल्याचा नुसता दाखला. त्यात हे बंधन नव्हतं आणि मागच्या तारखेचे शिक्के मारून घेतल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की न्यायालयं त्या दाखल्याकडे संशयाने बघू लागली. २०११ साली तो बंद झाला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. रजिस्टर पोस्टाबद्दल मात्र वाटतं.

बंद करण्यामागची कारणं खात्याने मांडली आहेत आणि ती खोटी नाहीत. २०११-१२ मध्ये २४.४४ कोटी रजिस्टर वस्तू पाठवल्या गेल्या होत्या, २०१९-२० मध्ये तो आकडा १८.४६ कोटींवर आला. खाजगी कुरिअर आले, ई-मेल आला. २०२० च्या जुलैमध्ये महासाथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा आणि समन्स ई-मेलने व व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतूनही पाठवायला मुभा दिली. १९८६ साली सुरू झालेली स्पीड पोस्ट वेगवान, तिचा माग मोबाईलवर काढता येतो, मग दोन यंत्रणा कशाला चालवायच्या, हा विचार प्रशासनाच्या जागी बसून केला तर पटतो. त्याआधी पायाच बदलला होता. १८९८ चा भारतीय टपाल कार्यालय कायदा, ज्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात वस्तू नोंदवण्याची तरतूद होती, तो २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द केला आणि १८ जून २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. संसदेत त्यावर जी चर्चा झाली ती पत्रं अडवून तपासण्याच्या सरकारी अधिकारावर, आणि ती व्हायलाच हवी होती. रजिस्टर पोस्टाकडे तेव्हा फारसं कोणाचं लक्ष नव्हतं.

पैशाचा हिशेब तेवढा सोपा नाही. जुन्या दराने वीस ग्रॅमच्या रजिस्टर पत्राला करासह २५ रुपये ९६ पैसे पडत, पोचपावतीचे तीन रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या दरात पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टाला त्याच गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये, वर जीएसटी. ज्याच्या नावाचं त्यालाच द्या, असं हवं असेल तर नोंदणीचे पाच रुपये आणखी. म्हणजे पुण्यातल्या पुण्यात नोटीस पाठवणाऱ्याला फारसा फरक पडणार नाही. पण माझ्या पक्षकारांच्या नोटिसा गावातल्या गावात थोड्याच जात. त्या गावातून मुंबईला जात, आष्टीहून ठाण्याला, साक्रीहून सुरतेला. अन्याय करणारा बहुधा लांब राहायला गेलेला असतो. त्या अंतराचा खर्च आता दुपटीच्या घरात गेला आहे. शहरातल्या कंपनीला हे पैसे दिसणारही नाहीत. रोजंदारीवरची बाई मात्र नोटीस काढायच्या आधी दोनदा विचार करेल, आणि तिने दोनदा विचार करावा अशीच समोरच्याची इच्छा असते.

मला सगळ्यात जास्त उणीव भासेल ती त्या पोचपावतीच्या कार्डाची. माग आता पडद्यावर दिसतो. ‘पोचवले’ असा शब्द येतो, वेळ येते, पोस्ट ऑफिसचं नाव येतं. ते उपयोगी आहे, आम्ही त्याची छापील प्रत काढून फायलीला लावतो. पण पडद्यावरची नोंद यंत्रणेने केलेली असते, आणि आमच्या कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कार्ड त्या माणसाच्या हाताचं होतं. ते ज्याने पाठवलं त्याच्याच घरी परत येई, तो ते कपाटात लुगड्याच्या घडीखाली किंवा देवघराच्या फडताळात ठेवू शकत असे. इंटरनेट नसलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या माणसालाही कळत असे की हे आपलं आहे आणि ते जपायचं आहे. पोच मिळण्याची सोय पुढेही जादा पैसे भरून आहे. तिचं कार्ड कितपत नियमाने घरी पोचतं ते येत्या वर्षा-दोन वर्षांत दिसेल.

कायद्याच्या पुस्तकांत ‘रजिस्टर पोस्ट’ हे शब्द अजून जागोजाग आहेत. जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहेत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात आहेत, मालमत्ता, कंपन्या आणि भाड्याच्या तरतुदींत आहेत, हजारो करारनाम्यांच्या ‘सूचना कशी द्यावी’ या परिच्छेदात आहेत. न्यायालयं नोंदणी असलेल्या स्पीड पोस्टालाच त्या शब्दांच्या जागी मानतील याबद्दल मला शंका नाही. मात्र साध्या स्पीड पोस्टाचं काय, यावर वाद होणार आणि पहिले काही निकाल लागेपर्यंत त्यात गरिबांचे दावे लटकणार. विधिमंडळाने आणि संसदेने एका ओळीची दुरुस्ती केली तर हा घोळ टळेल. ती लवकर व्हावी.

तोवर प्रत्येक मुन्शीने, प्रत्येक सोसायटीच्या चिटणीसाने आणि वकिलाकडे न जाता स्वतःच नोटीस पाठवणाऱ्या प्रत्येक माणसाने खिडकीवर एक गोष्ट स्पष्ट बोलून मागावी. नुसतं ‘स्पीड पोस्ट करा’ म्हटलं तर पाकीट पत्त्यावर जाईल आणि घरात जो हजर असेल त्याच्या हाती पडेल. मग ज्या नवऱ्याला नोटीस आहे त्याच्या ऐवजी त्याची आई सही करेल आणि तो पुन्हा ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायला मोकळा. ‘नोंदणीसह करा आणि पोच हवी’ असं म्हणायचं, वरचे पैसे भरायचे, आणि पावतीवर नोंदणीचे पाच रुपये वेगळे लावलेत की नाही हे खिडकी सोडण्याआधी बघून घ्यायचं.